मामांचा आजार, सीबीसीचा कागद आणि ३८ हजारांची यादी

प्रश्न थोडक्यात असा आहे. कोथरूडच्या एका ताईंनी विचारलंय: वय ३१, नवरा ३४, लग्नाला चार वर्षं. दोनदा आपोआप दिवस राहिले आणि दोन्ही वेळा आठव्या-नवव्या आठवड्यात सोनोग्राफीत ठोके दिसले नाहीत, पिशवी साफ करावी लागली. आता पुन्हा प्रयत्न करण्याआधी एका केंद्राने ३८ हजारांच्या तपासण्यांची यादी हातात दिली आहे. त्यात दोघांचं कॅरिओटाइप (गुणसूत्रांची तपासणी), दोघांचं शेकडो जनुकांचं वाहक पॅनेल (स्वतःला त्रास न देता मुलांकडे जाऊ शकणारे दोष शोधणारी तपासणी) आणि एमटीएचएफआर नावाच्या एका जनुकाची तपासणी आहे. शिवाय शक्य असेल तर आयव्हीएफ करून गर्भ तपासून घ्या, असा सल्लाही. सासूबाई म्हणतात एकनाड आहे, दोघांचा रक्तगटही एकच, म्हणून हे होतंय. आणि शेवटी लिहिलंय, 'आईचा एकुलता भाऊ दहाव्या वर्षी चालायचा बंद झाला, १८ व्या वर्षी गेला. घरात पोलिओच म्हणायचे. आई सांगते, त्याच्या पोटऱ्या जाड होत्या, गुडघ्यांवर हात टेकून उठायचा. याचा काही संबंध असेल का?' सोबत सीबीसीचा, म्हणजे रक्तपेशींच्या मोजणीचा, रिपोर्ट जोडलेला आहे.

ताई, तुमच्या पत्रातली सगळ्यांत महत्त्वाची ओळ तुम्ही अगदी शेवटी, जवळजवळ संकोचून लिहिली आहे. मी तिथूनच सुरू करते.

गेली बावीस वर्षं पुण्यात मी जोडप्यांना आनुवंशिक आजारांबद्दल सल्ला देण्याचंच काम करते. जोडपं समोर बसलं की आधी कोरा कागद घ्यायचा आणि तीन पिढ्यांचा वंशवृक्ष काढायचा. पुरुषाला चौकोन, बाईला गोल. कोण कितव्या वर्षी गेलं, कुणाला मूल झालं नाही, कुणाचं बाळ जन्मल्यावर दोन दिवसांत गेलं, कुणाचं लग्न नात्यातच झालं. अर्धा-पाऊण तास जातो. समोरच्या मुलीला यातलं निम्मं ठाऊक नसतं, म्हणून तिथल्या तिथे आईला फोन लावायला सांगते. मावशी, आत्या आणि आजीकडे जी माहिती असते ती कोणत्याही लॅबकडे नसते. तुम्हाला ३८ हजारांची यादी मिळाली, पण हा कागद कुणी काढला नाही. काढला असता तर मामांचा चौकोन पाहून पेन तिथेच थांबलं असतं.

पोलिओ असा येत नाही. पोलिओत ताप येतो, काही दिवसांत पाय लुळा पडतो आणि पुढे तो बारीकच राहतो, पण आजार वाढत जात नाही. मामांचं उलट झालं. लहानपणी चालत होते, मग हळूहळू दोन्ही पायांतली ताकद गेली, पोटऱ्या बारीक होण्याऐवजी जाड झाल्या, जमिनीवरून उठताना स्वतःच्याच मांडीवर हात टेकत वर चढावं लागलं. हे वर्णन डुशेन मस्क्युलर डिस्ट्रॉफीचं आहे, आम्ही डीएमडी म्हणतो. साधारण साडेतीन ते पाच हजार मुलग्यांमागे एकाला होणारा हा स्नायूंचा आजार. असेच दिसणारे दोन-चार दुसरे आजारही आहेत, त्यामुळे मी शिक्का मारत नाही. पण पहिला संशय हाच, आणि त्या संशयाचा निकाल दिवस राहण्याआधी लागला पाहिजे.

या आजाराचं जनुक एक्स गुणसूत्रावर असतं. बाईला दोन एक्स, म्हणून एक बिघडला तरी दुसरा बहुतेक काम निभावून नेतो आणि ती वाहक राहते. मुलग्याला एकच एक्स, तोही आईकडून आलेला. त्यामुळे वाहक आईच्या प्रत्येक मुलग्याला आजार होण्याची शक्यता निम्मी आणि प्रत्येक मुलगी वाहक होण्याची शक्यता निम्मी. यात नवऱ्याच्या रक्ताचा काही संबंध नाही. म्हणूनच 'दोघंही वाहक असाल तरच काळजी' हे पॅनेलच्या माहितीपत्रकातलं वाक्य इथे लागू होत नाही.

आता तुमच्या घराचा हिशेब. कुटुंबात असा एकच मुलगा असेल तर त्याची आई वाहक असण्याची शक्यता साधारण दोन-तृतीयांश धरतात, उरलेल्या वेळी दोष त्या मुलातच नव्याने तयार झालेला असतो. म्हणजे आजीची शक्यता दोन-तृतीयांश, तुमच्या आईची त्याच्या निम्मी, एक-तृतीयांश, आणि तुमची सहात एक. पण तुम्ही लिहिलंय की धाकटा भाऊ २६ वर्षांचा आहे, ठणठणीत आहे, दर रविवारी सिंहगड चढतो. आई वाहक असती तर त्याला आजार होण्याची शक्यता निम्मी होती, आणि तो झालेला नाही. हा पुरावा हिशेबात धरला की आईची शक्यता पाचात एक आणि तुमची दहात एक होते. ढोबळ आकडा आहे, मावशीला मुलगे असतील तर तो आणखी थोडा खाली येईल. तरीही दहात एक हा फार मोठा आकडा आहे. आणि इथे दुसऱ्या कुणाचा दोष जुळायचीही गरज नाही.

एक गोष्ट स्पष्ट सांगते, कारण तुमच्या पत्रात ती भीती दिसते: मामांचा आजार आणि तुमचे दोन गर्भपात यांचा संबंध नाही. डीएमडीमुळे आठव्या आठवड्यात ठोके थांबत नाहीत. हे दोन वेगळे प्रश्न आहेत, उत्तरंही वेगळी आहेत.

मग 'पॅनेलमध्ये डीएमडी येतंच की' असं केंद्रातून सांगतील. लेखी विचारा की वाहक बाईतली डिलीशन, म्हणजे जनुकाचा गळालेला भाग, तुमची पद्धत पकडते का. या जनुकाचे ७९ भाग आहेत, आणि बहुसंख्य कुटुंबांत दोष असा असतो की त्यातले काही भाग सलग गळालेले किंवा दुप्पट झालेले असतात. बाईच्या एका एक्सवर ते भाग गळाले असले तरी दुसऱ्यावर असतातच, त्यामुळे नुसती अक्षरं वाचणाऱ्या साध्या सिक्वेन्सिंगला सगळं जागेवर दिसू शकतं. भाग मोजावे लागतात, आणि त्यासाठी एमएलपीए नावाची वेगळी तपासणी आहे. त्यात काही सापडलं नाही तर मग सिक्वेन्सिंग, कारण उरलेल्या घरांत दोष एखाद्या अक्षराचा असतो. जोडीला रक्तातलं सीपीके, म्हणजे स्नायूंना इजा झाली की वाढणारं एन्झाइम, बघतात. ते वाढलेलं असेल तर संशय बळावतो, पण बऱ्याच वाहक बायकांत ते नॉर्मल येतं आणि गरोदरपणात तर आणखी खाली जातं. नॉर्मल सीपीकेवर निर्धास्त होऊ नका.

समजा तुम्ही वाहक निघालात. तरीही मूल होऊ देण्याचे रस्ते आहेत. आपोआप दिवस राहू द्यायचे आणि ११ ते १३ आठवड्यांत वारेचा कण घेऊन तोच नेमका दोष गर्भात आहे का हे बघायचं, हा एक. आयव्हीएफ करून पाचव्या दिवशीच्या गर्भातल्या काही पेशी तपासायच्या आणि दोष नसलेला गर्भ ठेवायचा, हा दुसरा. काही जोडपी दत्तक घेतात, काही काहीच न तपासता पुढे जातात. तो निर्णय तुमचा. सासूबाईंचा नाही आणि माझाही नाही. पहिल्या दोन्ही रस्त्यांसाठी कुटुंबातला नेमका दोष आधी माहीत असावा लागतो आणि तो शोधायला काही आठवडे जातात. दिवस राहिल्यावर धावपळ सुरू केली तर ते आठवडे हातात नसतात.

'मग मुलगीच होईल असं बघा ना' हे मला दर दोन महिन्यांनी कुणीतरी विचारतं, आणि दुष्ट हेतूने विचारत नाही. १९९४ च्या कायद्याने, ज्याला आपण पीसीपीएनडीटी म्हणतो, लिंग निवडायला बंदी आहे. लिंगाशी निगडित आजार तपासायला मात्र त्याच कायद्यात परवानगी आहे. तपासतात तो दोष. गर्भाचं लिंग कुणालाही सांगितलं जात नाही. वारेच्या किंवा गर्भजलाच्या तपासणीआधी तुमच्याकडून जो संमतीचा फॉर्म घेतात तो तुम्हाला कळेल अशा भाषेत हवा. मराठीत मागा, तो तुमचा हक्क आहे. आणि वाहक निघालात तर एकदा हृदयाचा इको करून घ्या, कारण काही वाहक बायकांच्या हृदयाचे स्नायूही वयानुसार कमकुवत होतात. हे फारसं कुणी सांगत नाही.

आता सीबीसीचा कागद. हिमोग्लोबिन १०.४, एमसीव्ही (तांबड्या पेशीचा सरासरी आकार) ७०, तांबड्या पेशी ५५ लाख. म्हणजे रक्त कमी, पेशी लहान, पण पेशींची संख्या भरपूर. दीड वर्ष लोहाच्या गोळ्या चालू आहेत आणि आकडा हललेला नाही असं तुम्ही लिहिता. लोहाची कमतरता असेल तर पेशींची संख्याही सहसा कमी होते. एमसीव्हीला दशलक्षातल्या पेशीसंख्येने भागा: ७० भागिले ५.५, म्हणजे १२.७. हा आकडा १३ च्या खाली आला की थॅलेसेमियाच्या वाहकतेचा विचार करायचा, हा जुना आणि उपयोगी ठोकताळा आहे. ठोकताळ्यावर निदान होत नाही. त्यासाठी एचपीएलसी करा, म्हणजे हिमोग्लोबिनचे प्रकार मोजणारी तपासणी, सोबत शरीरातला लोहाचा साठा दाखवणारं फेरिटिन. पॅनेलच्या तुलनेत ही अगदी स्वस्त तपासणी आहे. एचबीए-टू हा हिमोग्लोबिनचा प्रकार साडेतीन टक्क्यांच्या वर आला तर तुम्ही बीटा थॅलेसेमियाच्या वाहक. फेरिटिन कमी असेल तर एचबीए-टू खोटं खाली येऊ शकतं, म्हणून दोन्ही एकत्र बघायचं.

पुण्यात थॅलेसेमिया म्हटलं की लोकांना पिंपरीतली सिंधी वस्ती आठवते. फाळणीनंतर आलेल्या या समाजात, तसंच पंजाबी आणि लोहाणांत, वाहकांचं प्रमाण खरंच जास्त आहे, आणि त्यांच्यात जागृतीही चांगली झाली आहे. पण देशभरात सरासरी तीन-चार टक्के लोक वाहक आहेत आणि त्यात देशस्थ, मराठा, माळी, बौद्ध सगळे आहेत. 'आमच्यात नसतं' हे वाक्य मी ज्यांच्याकडून ऐकलं त्यांच्यातल्या काहींच्या बाळांना आज दर तीन आठवड्यांनी रक्त चढवावं लागतं. विदर्भात किंवा नंदुरबारकडे मूळ असेल तर सिकलसेलही बघायचा, तो याच एचपीएलसीत दिसतो. तुमचा रिपोर्ट वाहक आला तर नवऱ्याचं एचपीएलसी लगेच. त्यांचं नॉर्मल आलं तर विषय जवळपास तिथेच संपतो. दोघंही वाहक निघालात तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार होण्याची शक्यता चारात एक, दर वेळी तितकीच. आणि लोहाच्या गोळ्या फेरिटिन बघितल्याशिवाय पुढे चालू ठेवू नका.

म्हणजे बघा, तुमच्या बाबतीत दोन खरे धागे हाती लागले. एक आईच्या आठवणीतून, दुसरा दोनशे-तीनशे रुपयांच्या सीबीसीतून.

आता गर्भपात. पहिल्या तीन महिन्यांत जे गर्भ जातात त्यांतल्या साधारण निम्म्यांत गुणसूत्रांची संख्याच चुकलेली असते. ती त्या एका बीजाची, त्या एका वेळची चूक असते. तुम्ही जिने चढलात, पपई खाल्लीत, ऑफिसला स्कूटरवर गेलात म्हणून ती होत नाही. दुसऱ्या वेळी पिशवी साफ केल्यावर आलेला नमुना फॉर्मॅलिनमध्ये घालून पाठवला आणि रिपोर्टमध्ये फक्त गर्भाचे अवशेष मिळाले असं आलं, असं तुम्ही लिहिता. फॉर्मॅलिनमध्ये गेलेल्या नमुन्यावर गुणसूत्रांची तपासणी नीट होत नाही. तशी वेळ पुन्हा न येवो, पण आलीच तर आधीच डॉक्टरांना सांगून ठेवा: नमुना निर्जंतुक डबीत, नॉर्मल सलाइनमध्ये, त्याच दिवशी लॅबमध्ये. त्या एका रिपोर्टने पुढच्या दहा तपासण्या वाचू शकतात.

दोघांचं कॅरिओटाइप मात्र यादीत राहू द्या. दोन गर्भपातांनंतर मी ते करते. वारंवार गर्भपात होणाऱ्या शंभरातल्या तीन ते पाच जोडप्यांत एकाच्या गुणसूत्रांचे तुकडे एकमेकांच्या जागी गेलेले असतात. सामान सगळं असतं, फक्त जागा बदललेल्या. त्या माणसाला काहीही त्रास नसतो, पण बीजात वाटणी होताना कमी-जास्त होतं. असं निघालं तरी अशा अनेक जोडप्यांना कोणत्याही मोठ्या उपचाराशिवाय निरोगी मूल होतं, मधे एखादा गर्भपात सोसावा लागतो इतकंच. रक्त हिरव्या टोपणाच्या नळीत घेतात आणि पेशी वाढवाव्या लागतात, म्हणून दोन-तीन आठवडे थांबावं लागतं. आणि रिपोर्टवर नऊ क्रमांकाच्या गुणसूत्राचं इनव्हर्जन, म्हणजे एक तुकडा उलटा बसलेला, असं काही आलं तर रात्रभर जागू नका. तो नाकाच्या ठेवणीसारखा नुसता फरक आहे, दोष नव्हे. या एका ओळीपायी माझ्याकडे रडत आलेली जोडपी मी पाहिली आहेत.

जनुकांच्या नादात साध्या तपासण्या राहून जातात ते मला जास्त खटकतं. थायरॉइड, साखर, गर्भाशयात पडदा आहे का हे बघणारी थ्री-डी सोनोग्राफी, आणि फॉस्फोलिपिडविरोधी प्रतिपिंडं (रक्तात गुठळ्या व्हायला कारण ठरू शकणारी). ही शेवटची तपासणी पॉझिटिव्ह आली तर १२ आठवड्यांनी पुन्हा करायची, एकदाच्या रिपोर्टवर इंजेक्शनं सुरू करायची नाहीत. तुमच्या यादीत यांतली एकही नाही, आणि यांतल्या बहुतेकांवर उपचार आहे.

एमटीएचएफआर यादीतून काढून टाका. या जनुकातला तो बदल इतक्या लोकांत असतो की त्यावरून काही ठरत नाही, आणि अमेरिकेतल्या वैद्यकीय जनुकशास्त्राच्या संस्थेने २०१३ मध्येच गर्भपातासाठी ही तपासणी करू नका असं सांगितलं आहे. फॉलिक अॅसिड मात्र आजपासून सुरू करा, रोज किमान ४०० मायक्रोग्रॅम, दिवस राहण्याच्या निदान महिनाभर आधी. आयव्हीएफ करून गुणसूत्रांची सरसकट तपासणी? ३१ व्या वर्षी, दोनदा आपोआप दिवस राहिलेले असताना, मी सुचवणार नाही. तुम्ही डीएमडीच्या किंवा दोघंही थॅलेसेमियाचे वाहक निघालात, तर आयव्हीएफचा विचार वेगळ्या कारणाने करू.

आणि ते मोठं पॅनेल? माझ्या मते आत्ता नाही. मी पॅनेलच्या विरोधात नाही. आते-मामे भावंडांचं लग्न असेल, आधीचं बाळ निदान न होता गेलं असेल, किंवा घराणं पिढ्यान्‌पिढ्या एका छोट्या समाजातच सोयरिक करत आलं असेल, तर मी स्वतः ते सुचवते. आपल्याकडे हा शेवटचा मुद्दा फार कमी लोक गंभीरपणे घेतात. गोत्र वेगळं म्हणजे रक्त वेगळं असं धरलं जातं, पण पोटजात एकच असेल तर शंभर पिढ्यांपूर्वीचे मोजके पूर्वज दोघांचेही तेच असू शकतात. हैदराबादच्या सीसीएमबी या संशोधन संस्थेतल्या शास्त्रज्ञांचा सहभाग असलेल्या २०१७ च्या एका मोठ्या अभ्यासात दक्षिण आशियातल्या कितीतरी समाजांत हे दिसलं. अगरवाल समाजात मेंदूच्या पांढऱ्या भागाचा एक दुर्मीळ आजार एकाच ठरावीक दोषामुळे येतो, तो याच कारणाने. तुमचं नात्यातलं लग्न नाही, म्हणून तुम्हाला मी फक्त एसएमए या स्नायू दुबळे करणाऱ्या आनुवंशिक आजाराची वाहक तपासणी सुचवेन, कारण त्याचे वाहक ४०-५० जणांत एक असतात. मोठं पॅनेल केलं की बहुतेक प्रत्येकात काही ना काही सापडतंच, आणि त्यातलं बरंच 'अर्थ निश्चित नाही' या रकान्यात असतं. तो रकाना कसा वाचायचा हे समजावणारं कुणी समोर नसेल तर त्या रिपोर्टने घर पोखरतं.

सासूबाईंना सांगा, एकनाडीचा आणि जनुकांचा संबंध नाही, आणि नवरा-बायकोचा रक्तगट एकच असल्याने काहीही बिघडत नाही. रक्तगटात एकच गोष्ट महत्त्वाची: तुम्ही निगेटिव्ह आणि नवरा पॉझिटिव्ह असेल तर पिशवी साफ केल्यावरही अँटी-डी इंजेक्शन लागतं. तुम्ही दोघं ओ पॉझिटिव्ह आहात, तेव्हा तोही प्रश्न नाही.

इतर वाचकांसाठी एक गोष्ट, कारण ती फार उशिरा कळते. नवऱ्याच्या वीर्यात शुक्राणू शून्य किंवा फारच कमी असतील तर अंडकोषातून शुक्राणू काढायच्या शस्त्रक्रियेआधी त्याचं कॅरिओटाइप आणि वाय गुणसूत्राची सूक्ष्म डिलीशनची तपासणी झालीच पाहिजे. वायचा 'ए' भाग पूर्ण गळालेला असेल तर शस्त्रक्रियेत शुक्राणू मिळत नाहीत, 'सी' भाग गळालेला असेल तर साधारण निम्म्या वेळा मिळतात, पण होणाऱ्या मुलग्याकडे तोच दोष जातो. हे आधी कळलं तर एक शस्त्रक्रिया आणि काही लाख वाचतात. बायकोच्या दहा तपासण्या झाल्यावर नवऱ्याची पहिली होते, हे अजूनही रोज दिसतं.

आता पुन्हा मामांकडे. मामा गेले १९८९ मध्ये. त्यांच्या आजाराचं जनुक १९८६-८७ च्या सुमारास सापडलं, त्यामुळे तेव्हा तुमच्या आजोळी वाईत काय, पुण्या-मुंबईतही कुणी काही करू शकलं नसतं. त्यांचा नमुना आपल्याकडे नाही. पण आजी आहेत, ७८ वर्षांच्या. दोष असण्याची सर्वांत जास्त शक्यता त्यांच्यात आहे, म्हणून सुरुवात त्यांच्यापासून. त्यांच्यात दोष सापडला तर तुमच्या आईला, तुम्हाला आणि मावशीच्या मुलींना आहे किंवा नाही असं सरळ उत्तर मिळेल. नुसतं तुमचंच रक्त तपासलं आणि काही सापडलं नाही, तर दोष नाही की पद्धतीला दिसला नाही, ही शंका थोडी तरी मागे राहते. मावशीला हे सांगायला आई कचरतील, कारण धाकट्या मुलीला स्थळं बघताहेत. तरी सांगा. हवं तर मी त्यांच्याशी बोलेन. वाहक मुलगी आजारी नसते, आणि लग्नानंतर पाच वर्षांनी कळण्यापेक्षा आज कळलेलं तिला उपयोगाचं आहे.

आजींना पुण्याला आणायची गरज नाही. वाईतल्या कोणत्याही लॅबमध्ये जांभळ्या टोपणाच्या ईडीटीए नळीत तीन-चार मिली रक्त घ्यायला सांगा. नळीवर नाव, वय, तारीख. बर्फात गोठवू नका, साध्या थंड डबीत ठेवून दोन-तीन दिवसांत पोचलं तरी चालतं. आई आणि मावशीचंही त्याच दिवशी घ्या. मामांचे जुने कागद ट्रंकेत असतील तर त्यांचे फोटो काढा, एखाद्या कागदावर सीपीकेचा आकडा असेल तर तोही कामाचा. आणि रक्त घेण्याआधी आजींपाशी बसून हे कशासाठी चाललंय ते नीट सांगा. माझ्यासमोर बसलेल्या बहुतेक आज्यांनी पहिला प्रश्न हाच विचारला आहे, 'माझ्यामुळे झालं होतं का गं ते?' त्याचं उत्तर आईने किंवा तुम्ही द्यायचं आहे: दोष असलाच तर तो त्यांनाही न विचारता आलेला आहे, आणि त्यांनी मुलाला दिलेल्या दुधात, औषधात, काळजीत काहीही कमी नव्हतं.